टोटल नको, एलडीएल बघा
आज दिवसभर लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे, रिपोर्टच समोर. जो तो ‘टोटल’ कोलेस्टेरॉल विचारतो. बघायचं असतं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. हे कण रक्तवाहिनीच्या अस्तराखाली शिरतात, पांढऱ्या पेशी त्यांना गिळून फुगतात आणि चरबीचा थर साठत जातो. नळात गाळ बसतो तसं नाही. थर भिंतीच्या आत असतो. म्हणून ४० टक्केच अडथळा असलेला थरही अचानक फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि अटॅक येतो. आधी छातीत दुखलेलंही नसतं!

अटॅक येऊन गेलेल्यांचं एलडीएल ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली हवं, जमल्यास ५५ च्या. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) बंद केली, की काही आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे. आणि तेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’? अहो, शेंगदाणा काय नि पाम काय, वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. पाममधलं सॅच्युरेटेड फॅट मात्र भरपूर.