क्वेंका: आम्हाला स्वस्त, तिथल्यांना महाग

नवऱ्याचं काम पूर्ण ऑनलाइन झालं, तसा आम्ही पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि इक्वेडोरमधल्या क्वेंकाला बिऱ्हाड हलवलं. राजधानी कीतो सोडून इथे का? तर हवा, शहरातून वाहणाऱ्या चार नद्या, आणि खर्च.

क्वेंका अँडीज पर्वतात सुमारे २,५६० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६! सुरुवातीला जिना चढतानाही धाप लागायची. एवढ्या उंचीवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पुण्याहून कुकर आणला ते फार बरं झालं. जुनं शहर मात्र पायीच बघावं. १९९९ पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि कॅथेड्रलचे निळे घुमट कुठल्याही गल्लीच्या टोकाला अचानक समोर येतात.

माझा जीव रमला तो फेरिया लिब्रेच्या बाजारात. घेरदार स्कर्ट, डोक्यावर गवती हॅट, पाठीवर दोन वेण्या अशा बायका बटाट्याचे ढीग लावून बसलेल्या असतात. त्यातल्या एकीने पानेलाचा, म्हणजे उसाच्या गुळाचा, खडा फोडून माझ्या हातावर ठेवला. वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. तोच गूळ आणि काबुली चणे वापरून मी होळीला पुरणपोळ्या केल्या. पुरण जरा भरभरीत झालं, पण पोळ्या फुटल्या नाहीत.

जेवण तीन डॉलरला: सूप, भात, डाळीची उसळ, फळाचा रस. सूप बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

२००० सालापासून इथे अमेरिकन डॉलरच चालतो, त्यामुळे कमाई रुपयांत असेल तर रुपया घसरला की आपला खर्च आपोआप वाढतो. ऑनलाइन काम करणाऱ्यांच्या किंवा पेन्शनरांच्या व्हिसासाठी इथल्या किमान मासिक वेतनाच्या तिप्पट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ मध्ये ते १,४१० डॉलर होतं. कागदपत्रांना भारतातूनच अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा अस्सलपणाचा सरकारी शिक्का, करून आणा, इथून ते करणं फार त्रासाचं. आणि विजेचा विचार करा. २०२४ च्या दुष्काळात वीजनिर्मितीचं माझार धरण आटलं, तेव्हा दिवसाला १४ तासांपर्यंत वीज जायची. घरून काम करणाऱ्याने बॅटरीची सोय केल्याशिवाय येऊ नये.

त्या १,४१० च्या हिशेबातच खरी गोष्ट आहे. तेव्हा किमान वेतन होतं ४७० डॉलर, आणि आमच्या पहिल्या, फर्निचरसकट घेतलेल्या फ्लॅटचं भाडं होतं ४५०. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या ताईंचा महिनाभराचा पगार जवळपास तेवढाच. आमच्यासारखे परदेशी असं भाडं बिनबोभाट देतात, म्हणून जुन्या शहरातली स्थानिक कुटुंबं बाहेर सरकत चालली आहेत, आणि हे मला मनापासून खुपतं. करार संपल्यावर आम्ही यानुनकाय नदीपलीकडे बिनफर्निचरचं घर भाड्याने घेतलं, २८० डॉलरला. शेजारी सगळे इथलेच.

येणार असाल तर इंग्रजी जाहिरातीतलं घर भारतात बसून पक्कं करू नका. आधी महिनाभर साध्या खोलीत राहा, कामापुरती स्पॅनिश शिका, मग गल्ल्यांतून फिरा. खिडकीत 'से आर्रिएंदा', म्हणजे 'भाड्याने देणे आहे', अशी पाटी दिसली की बेल वाजवा आणि भाडं घरमालकिणीलाच विचारा.