थॉमस हार्डी: आत्तापर्यंत कुठवर आलेय

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डी वाचणाऱ्या मंडळींसाठी ताजा रिपोर्ट. नियम तोच आहे, आधी कादंबरी संपवायची, मग तिच्यावरचा सिनेमा, उलटं करायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पहिल्यापासून क्रमाने वाचायचा बेत मात्र सोडून दिला. 14 कादंबऱ्या आहेत बाबाच्या आणि सगळ्यांवर काही धड सिनेमे निघालेले नाहीत, त्यामुळे ज्यांच्यावर निघाले त्या आधी. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’, ‘मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ आणि ‘टेस’ झाल्या, ‘ज्यूड’ अर्धी, ‘वुडलँडर्स’ आणि ‘रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ रांगेत.

वाचन सगळं ठाणे-नेरूळ लोकलमध्ये. फोनवर, फुकट, कारण हा गेला 1928 ला आणि पुस्तकं कधीच कॉपीराइटमधून सुटलीत. गर्दीत उभं राहून वाचायला हा माणूस अगदी सोयीचा आहे, चॅप्टर छोटे आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवतो, मासिकात हप्त्याहप्त्याने छापायचं असायचं ना. एकदा तर मेंढ्यांच्या नादात नेरूळ गेलं आणि सीवूड्सला उतरले.

तर त्या मेंढ्या. ‘मॅडिंग क्राउड’ (1874) मधला गेब्रियल ओक, उधारीवर मेंढ्या घेऊन नुकताच स्वतःचा धंदा टाकलेला. त्याच्याकडचा नवशिका कुत्रा एका रात्री अतिउत्साहात सगळ्या मेंढ्या पळवत नेतो आणि कड्यावरून खाली पाडतो. दोनशे गाभण मेंढ्या. ओक कड्यावर येऊन खाली बघतो आणि त्याला पहिल्यांदा वाईट वाटतं ते मेंढ्यांचं आणि त्यांच्या पोटातल्या कोकरांचं, आणि मग लगेच आठवतं की विमा काढलेला नव्हता. हाच क्रम! आधी जीव मग हिशोब, पण हिशोब येतोच. मला हार्डी आवडायला लागला तो इथे. तोपर्यंत वाटत होतं की प्रेमाचा चौकोन आहे, शेतमालकीण बाथशीबा आणि तिच्या मागे ओक, शेजारचा शेतकरी बोल्डवूड आणि सैनिक ट्रॉय, कोण कोणाला मिळणार एवढंच बघायचं.

यावरचे दोन सिनेमे पाहिले. 1967 चा जॉन श्लेसिंगरचा, ज्युली क्रिस्टी आणि ॲलन बेट्सवाला, आणि 2015 चा थॉमस विंटरबर्गचा, कॅरी मलिगनवाला. मेंढ्या दोन्हीत पडतात. जुना जवळजवळ तीन तासांचा आहे पण त्यात शेत, पाऊस, जत्रा यांना वेळ दिलाय, कॅमेरा निकोलस रोगचा आहे आणि टेरेन्स स्टॅम्प तलवार फिरवतो तो सीन बघाच. नवा देखणा आहे, मलिगन मस्त, पण दोन तासात उरकायचं म्हणून सगळे घाईत प्रेमात पडतात, बोल्डवूड बिचारा (मायकेल शीन, डोळ्यांनी रडवतो) एवढा वेडा का झाला ते कळायच्या आत शेवट येतो.

‘टेस’ जड गेली. 1891 ची. गरीब घरातली टेस, तिच्यावर अत्याचार करणारा श्रीमंत ॲलेक आणि पुढे तिचा नवरा होणारा एंजल. आधी साप्ताहिकात छापताना सभ्य वाचकांसाठी काटछाट केली होती, त्यातली एक गंमत म्हणजे पाण्याने भरलेल्या वाटेवरून एंजल गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो तो प्रसंग, तर संपादकांना एवढी जवळीक चालेना म्हणून हातगाडी आणायला लावली. हातगाडीवरून रोमान्स! पण मला धरून ठेवलं ते नंतरच्या भागाने. नवरा सोडून गेलेली टेस फ्लिंटकॉम्ब-ॲशच्या खडकाळ शेतात मजुरी करते. सलगमचा वरचा अर्धा भाग जनावरांनी खाल्लेला, मातीत राहिलेला खालचा अर्धा या बायकांनी आकड्याने उकरून काढायचा, तोही वाया जाऊ नये म्हणून, आणि वरून पाऊस. मग मळणीयंत्र येतं, वाफेवरचं, ते थांबत नाही म्हणून तिलाही थांबता येत नाही, यंत्रावर उभं राहून पेंढ्या सोडत राहायच्या, अंग नुसतं थरथरतंय. याला कोणी ट्रॅजिक प्रेमकथा म्हटलं की आता माझं डोकं फिरतं.

1979 चा पोलान्स्कीचा ‘टेस’ पाहिला, नस्तासिया किन्स्की. फोटोग्राफी, कला आणि वेशभूषेची तीन ऑस्कर, आणि शूटिंग इंग्लंडमध्ये नाहीच, सगळं फ्रान्समध्ये, कारण अल्पवयीन मुलीच्या केसमध्ये अमेरिकेतून पळालेला हा माणूस इंग्लंडला गेला असता तर अटक होऊन परत पाठवला गेला असता. स्टोनहेंज, ते प्राचीन दगडांचं वर्तुळ, तेसुद्धा सेट लावून उभं केलंय. सिनेमा सुंदर आहे, मळणीयंत्रही आहे त्यात, पण ही गोष्ट आणि ती याने करायची, हे तीन तास डोक्यातून गेलं नाही. इतकी सुंदर प्रकाशयोजना आहे की टेसची थंडी आपल्याला लागतच नाही.

आता आपल्याकडचे. हे मला अजिबात माहीत नव्हतं की 1967 लाच, म्हणजे तिकडे श्लेसिंगरचा आला त्याच वर्षी, इकडे टेसवर ‘दुल्हन एक रात की’ आला. नूतन, धर्मेंद्र, रेहमान. आईला सांगितलं तर ती म्हणे, “अगं ते मदन मोहनचं गाणं, एक हसीन शाम को, त्याच पिक्चरमधलं, एवढं पण माहीत नाही तुला?” आणि भाजी निवडता निवडता अख्खं गाणं म्हणून दाखवलं. नूतन छान, बाकी मेलोड्रामा फार.

‘त्रिष्णा’ (2011) मात्र सगळ्यांनी बघा. मायकेल विंटरबॉटमने टेसला राजस्थानात आणलंय, फ्रीडा पिंटो आणि रिझ अहमद. पुस्तकात घरचा घोडा मरतो आणि तिथून घराची वाट लागते, इथे बापाची जीप अपघातात जाते, बास, एका फटक्यात कळतं की ही पोरगी नोकरीला का बाहेर पडली. शिवाय चांगला एंजल आणि वाईट ॲलेक असे दोन पुरुष न ठेवता दोघांचा मिळून एकच केलाय. बऱ्याच जणांना ते पटलं नाही, मला पटलं, कारण मुंबईत तिच्याबरोबर मजेत राहणारा माणूस पुढे हॉटेलात तिचा मालक होऊन बसतो हे आपण घडताना बघतो. संथ आहे आणि ती फार गप्प आहे, ते आहेच.

त्याच विंटरबॉटमचा ‘द क्लेम’ (2000) म्हणजे ‘मेयर’. कादंबरीत पुढे मेयर होणारा हेन्चर्ड जत्रेत दारू पिऊन बायको आणि पोर एका खलाशाला पाच गिनीला विकतो, पहिल्याच चॅप्टरला! सिनेमात ते कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणींचं गाव झालंय, बर्फच बर्फ, आणि खाणीच्या हक्कासाठी बायको-मुलगी दिली जाते. ती विकलेली बायको पुढे म्हातारी, आजारी होऊन परत येते ती कोण तर नस्तासिया किन्स्की, आपली टेस. मी पॉज करून खात्री केली. यश चोप्रांचा ‘दाग’ (1973) पण मेयरवरून म्हणतात, तर बाबा ऐकायलाच तयार नाहीत, “राजेश खन्नाच्या पिक्चरमध्ये कुठला आलाय गं तुझा हार्डी?” नातं लांबचंच आहे, दडवलेलं पहिलं आयुष्य आणि नव्या गावातली इज्जत एवढंच, पण आहे.

म्हणजे माझ्यापुरतं चित्र असं दिसतंय की मूळ गाव, मूळ टोप्या, मूळ झगे जपणाऱ्या सिनेमांत प्रेम उरतं आणि पैसा, मजुरी, हवामान मागे पडतं, उलट ज्यांनी गोष्ट उचलून भलतीकडे नेली त्यांना उपजीविकेचं नव्याने मांडावंच लागलं आणि तिथे हार्डी सापडला. श्लेसिंगरचा अपवाद.

सध्या ‘ज्यूड’. 1895 ला आली तेव्हा एवढा शिमगा झाला, एका बिशपने तर पुस्तक जाळलं, की पठ्ठ्याने पुन्हा नवी कादंबरी लिहिलीच नाही, उरलेलं आयुष्य कविता. दगड घडवणारा कारागीर, कॉलेजात शिकायचं स्वप्न, आणि कॉलेजच्या भिंती दुरुस्त करायला तेवढं बोलावतात. सिनेमा 1996 चा, परत विंटरबॉटमच, ख्रिस्तोफर एकल्स्टन आणि केट विन्स्लेट. मुलांचं काय होतं ते कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय त्यामुळे ते पान येईपर्यंत हळूहळू वाचतेय. डेनिस पॉटरने लिहिलेली 1978 ची ‘मेयर’ची बीबीसी मालिका कुणी पाहिली असेल तर कळवा, ॲलन बेट्स आहे म्हणे, ओक झालेला माणूस हेन्चर्ड कसा करतो ते बघायचंय.