रॅम दुप्पट झाली आणि गेम मंदावला

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात एका शनिवारी सकाळी गडहिंग्लजहून वडील आणि मुलगा आले, तेव्हा मुलाच्या हातात सोलापुरी चादरीत गुंडाळलेले कॉम्प्युटरचे कॅबिनेट होते आणि एसटीच्या दोन तासांच्या प्रवासात ते त्याने मांडीवरून खाली ठेवले नव्हते. वडील बसायच्या आधीच म्हणाले, “साहेब, ह्यात बत्तीसची रॅम घाला, म्हणजे एकदाचं मिटंल.” २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे, म्हणजे मेमरीचे भाव चढलेले होते, त्यामुळे बत्तीसची रॅम ही त्या घराला जड जाणारी खरेदी आहे हे मला दिसत होते. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी मी मुलाला नीट विचारून घेतले की गेम नेमका कसा अडतो आणि कधीपासून.

त्याने सांगितलेली हकिगत मला आजही महत्त्वाची वाटते. मशीन घेतले तेव्हा त्यात ४ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे एकूण ८ जीबी होती. तेव्हा गेम चांगला पळायचा, पण मागे ब्राउझर आणि मित्रांशी बोलायचे डिस्कॉर्ड ॲप उघडे असले की मधूनच दोन-तीन सेकंद गोठायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तीन महिन्यांपूर्वी एका दुकानात त्या दोन्ही रॅम देऊन त्याने १६ जीबीची एक रॅम बसवून घेतली. गोठणे बंद झाले, पण गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत जड चालू लागला. मित्रांनी निदान केले की आता गेमिंगला सोळा पुरत नाही, बत्तीस लागते.

मेमरी कमी पडली की विंडोज काही भाग ड्राइव्हवर टाकते आणि गरज लागली की परत आणते, त्या वेळी गेम थबकतो. म्हणजे पहिली तक्रार खरोखरच अपुऱ्या मेमरीची होती. पण सतत एकसारखा जडपणा हे वेगळे लक्षण आहे. मी त्याला ग्रँड थेफ्ट ऑटो ५ लावायला सांगितले, ब्राउझर आणि डिस्कॉर्डही उघडे ठेवायला लावले आणि टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आलेख वडिलांसमोर धरला. वापर दहा जीबीच्या आसपास होता आणि अर्ध्या तासात तो अकराच्या वर गेला नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसतात त्याचा आकडा ३६ च्या आगेमागे घुटमळत होता. मेमरी शिल्लक होती आणि तरीही गेम पळत नव्हता.

मग कॅबिनेट उघडले. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी होता आणि ग्राफिक्स कार्ड नव्हते. बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट होते. एकात सोळाची रॅम आणि दुसऱ्या रिकाम्या स्लॉटच्या खोबणीत धुळीची बारीक रेघ बसलेली. सगळा प्रकार त्या रेघेपाशी उलगडला. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते चित्र उभे करायला हीच रॅम वापरते. ह्या मशीनमध्ये त्यासाठी २ जीबी बाजूला ठेवलेली होती, म्हणजे पूर्वीच्या आठमधून विंडोज, गेम आणि ब्राउझर ह्या सगळ्यांना मिळून जेमतेम सहा उरत होती. शिवाय अशा मशीनला मेमरी किती आहे याच्याइतकेच ती किती वेगाने पोचते हेही लागते. अशा दोन स्लॉटच्या बोर्डावर एकेका स्लॉटला चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपर्यंतचा वेगळा रस्ता असतो; एकाच स्लॉटमध्ये रॅम असली तर एकच रस्ता वापरात येतो. ह्या मशीनमधली डीडीआर४ पिढीची रॅम ३२०० च्या वेगाने एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ जीबी देते आणि दोन चॅनेलवर ५१.२. या मुलाच्या रॅमवर ३२०० छापलेले होते, पण बोर्डाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, रॅमला छापील वेगाने चालवणारे एक्सएमपी बंद असल्यामुळे ती २४०० वर चालत होती, तीही एकाच चॅनेलवर, म्हणजे १९.२. जुन्या दोन रॅम त्याच २४०० वर चालत असतील असे धरले, तरी तेव्हा ३८.४ मिळत होते. मेमरी दुप्पट झाली आणि तिचा रस्ता निम्मा झाला.

एक्सएमपी चालू केल्यावर आकडा ४३ झाला. मग दुकानातली आठची जोडी दोन्ही स्लॉटमध्ये बसवली, ३२०० वर चालवली आणि तोच गेम, तीच सेटिंग, शहरातला तोच चौक घेतला. आकडा ६३. मुलगा काही बोलला नाही, त्याने गाडी वळवून तोच चौक पुन्हा एकदा पार केला.

त्या दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. पुढे वाढवता यावी म्हणून आज एकच मोठी रॅम देणे, हा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनसाठी काही दिवस चालणारा सल्ला आहे. इथे मात्र तो चुकीचा होता, आणि रॅम विकणाऱ्याने कार्ड आहे की नाही एवढे तरी पाहायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडिलांनी विचारले, “पण मग गेमला लागते तरी किती?” मी त्यांना खरे ते सांगितले. व्हॅलोरंटची किमान अट ४ जीबीची आहे; मुलगा खेळतो त्या गेमच्या मूळ आवृत्तीला ८ सुचवलेली आहे; मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी मात्र किमान १६, सुचवलेली ३२ आणि उत्तम अनुभवासाठी ६४. कार्डासह नवे मशीन बांधायला कोणी आले तर मी आज १६ च्या दोन घ्यायला सांगतो. तुमच्या मशीनला ८ च्या दोन पुरतात. पण दोन्ही स्लॉट भरतील आणि उद्या वाढवायची झाली तर दोन्ही बदलाव्या लागतील. हे सांगणे मला आवश्यक वाटले, कारण सोळाची आणखी एक रॅम घेतली असती तर त्यांची बत्तीसही झाली असती आणि वेगही मिळाला असता. वडिलांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “कार्ड घ्यायचं ठरलं की बघू, पप्पा.”

सोळाची रॅम आम्ही बदल्यात घेतली आणि भावातला थोडा फरक लावून आठची जोडी दिली. बिल करताना मी सवयीने “रॅम १६ जीबी” असे लिहिले, तेव्हा वडिलांनी काउंटरवर बोट टेकवले आणि ते खोडून “८ जीबीच्या दोन, दोन्ही स्लॉटमध्ये” असे लिहून घेतले.