‘मासो गावता हा ना?’

मालवणला आमच्या शेजारी तात्या राहतात. वयाची पासष्टी उलटली तरी भरती-ओहोटीचे गणित पाहून ते अजूनही खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, गळाने मासे गरवायला जातात. गेल्या दिवाळीत मी घरी होतो, तेव्हा त्यांनी हातभर लांबीचा एक हेकरू आणला. आमच्या भागात त्याला गोबरो म्हणतात. केळीच्या पानावर ठेवलेला तो मासा मी बराच वेळ पाहत बसलो. तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके होते, खालचा जबडा किंचित पुढे आलेला होता, पाठीवरचे काटे मेल्यानंतरही ताठ उभे होते, आणि तोंड इतके रुंद होते की तात्यांची मूठ सहज आत गेली असती. बोलता बोलता मी म्हणालो की, या कुळातले मासे जगात अनेक ठिकाणी झपाट्याने कमी होत आहेत. तात्यांनी सुरी थांबवली आणि विचारले, “आमका मासो गावता हा ना? मगे कमी झालो असा कशावरना म्हणतंस?”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तात्यांचा प्रश्न अडाणी नाही. मत्स्यविज्ञानाने स्वतःही कितीतरी वर्षे हीच कसोटी वापरली आहे. एका होडीला एका दिवसात किती मासा मिळतो ते लिहून ठेवायचे, आणि तो आकडा घसरला की समुद्रातला साठा घसरला असे मानायचे. पाण्यात सगळीकडे विखरून राहणाऱ्या माशांच्या बाबतीत ही कसोटी बऱ्यापैकी लागू पडते. हेकरूच्या कुळातल्या अनेक जातींच्या बाबतीत मात्र ती फसते, आणि कशी फसते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण माझ्या मते कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर पाहायला मिळते.

क्यूबाच्या दक्षिणेला असलेल्या या तीन बेटांपैकी लिटल केमन हे जेमतेम १६ किलोमीटर लांबीचे. तिथल्या प्रवाळात नासाऊ ग्रुपर नावाचा, हेकरूच्याच कुळातला मासा राहतो (इंग्रजीत या कुळाला ग्रुपर म्हणतात). अंगावर उभे गडद पट्टे, डोळ्यातून जाणारी एक काळसर रेघ आणि स्वभावाने एकलकोंडा. वर्षभर तो आपल्या कपारीच्या आसपास असतो. मात्र हिवाळ्यात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमारास, आजूबाजूच्या प्रवाळातले सगळे वयात आलेले मासे आपापली कपार सोडून एका ठरावीक जागी विणीसाठी जमतात. ही जागा बहुधा जिथे प्रवाळाचा उतार संपून खोल समुद्राचा कडा सुरू होतो अशा टोकाला असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. काही ठिकाणी मासे त्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक पोहत येतात. १९७२ साली सी. लॅव्हेट स्मिथ या शास्त्रज्ञाने बहामामधल्या बिमिनीजवळच्या अशा मेळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने तिथल्या माशांचा अंदाज ३०,००० ते १,००,००० असा दिला होता. त्यानंतर कॅरिबियनमधले असे कितीतरी मेळे पकडून पकडून संपले.

२००१ च्या हिवाळ्यात लिटल केमनच्या पश्चिम टोकाला मच्छीमारांना असा एक मेळा सापडला. त्यात सुमारे ७,००० मासे होते. त्या आणि पुढच्या, अशा केवळ दोन हंगामांत त्यांतले सुमारे ४,००० मासे पकडले गेले. या दोन हंगामांत त्या जागी गळ टाकणाऱ्या माणसाला मासा कमी झाल्याचे जाणवले असेल का? बहुधा नाही, आणि याचे कारण माशांच्या जमण्याच्या पद्धतीतच आहे.

आंगणेवाडीच्या जत्रेचे उदाहरण घ्या. भराडीदेवीच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहून आपल्याला आजूबाजूच्या गावांत किती माणसे उरली आहेत हे सांगता येईल का? निम्मी गावे मुंबईला गेली तरी त्या दिवशी गाभाऱ्यासमोर तेवढीच रेटारेटी असणार, कारण जे आहेत ते सगळे त्याच दाराशी येणार. विणीच्या मेळ्यात नेमके हेच घडते. हजारो मासे उरले तर मेळा मोठ्या जागेत पसरतो, शेकडो उरले तर जागा आक्रसते. पण मेळ्याच्या मध्यावर गळ सोडला की तो रिकामा वर येत नाही. एकूण साठा उतरत जातो आणि होडीचा रोजचा आकडा जवळजवळ तसाच राहतो, तो अगदी शेवटच्या एक-दोन हंगामांत एकदम कोसळेपर्यंत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या केल्प बास आणि बार्ड सँड बास या दोन खडकाळ भागातल्या माशांच्या अभ्यासात २०११ साली हीच गोष्ट आकडेवारीनिशी दाखवण्यात आली. पकड स्थिर दिसत असतानाच तिथला साठा ढासळत होता, आणि संशोधकांनी त्याला विपुलतेचा भास असे नाव दिले.

मग पकडीवर विसंबायचे नसेल, तर पाण्याखाली तीस मीटरवर, मावळत्या उजेडात फिरणारे मासे मोजायचे कसे? लिटल केमनमधले काम मला म्हणूनच मोलाचे वाटते. केमन सरकारचा पर्यावरण विभाग, रीफ ही समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांची स्वयंसेवी संस्था आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक यांनी मिळून ‘ग्रुपर मून’ हा प्रकल्प उभा केला आणि ते दर हिवाळ्यात त्या मेळ्यावर उतरत राहिले. मोजण्याची मुख्य रीत सोपी आहे. मेळ्यातल्या काही माशांना खुणेचे टॅग लावायचे, पुन्हा मेळ्यात सोडायचे, आणि पुढच्या दिवसांत पाणबुड्यांनी जेवढे मासे पाहिले त्यांतल्या किती जणांना खूण होती ते मोजायचे. मानू या की आपण १०० माशांना खूण लावली आणि नंतर पाहिलेल्या २०० माशांत खुणेचे १० निघाले, तर मेळा साधारण २,००० माशांचा असला पाहिजे. याच्या जोडीला मेळ्याच्या वरून पोहत जाऊन केलेले व्हिडिओ चित्रण असते, आणि दोन्ही मोजण्या एकाच गणिती प्रारूपात बसवून वर्षागणिक साठा कसा बदलला ते काढले जाते.

माशांची लांबी मोजण्यासाठी कॅमेऱ्यावर दोन समांतर लेसर बसवतात. त्यांच्यातले अंतर ठाऊक असते, त्यामुळे माशाच्या अंगावर पडलेल्या दोन ठिपक्यांवरून त्याची लांबी निघते; त्याला हात लावावा लागत नाही, बाहेर काढावे लागत नाही. या लांबीतून जे कळते ते केवळ संख्येतून कळत नाही. मेळ्यात फक्त मोठे मासे दिसत असतील तर म्हातारे टिकून आहेत पण नवे येत नाहीत, आणि लहान मासे दिसू लागले तर नवी पिढी वयात येऊन सामील होऊ लागली आहे. नासाऊ ग्रुपर वयात यायला साधारण चार ते आठ वर्षे घेतो. म्हणजे आज घातलेल्या बंदीचा परिणाम मेळ्यात दिसायला तेवढा काळ थांबावेच लागते.

विणीची वेळ बहुतेक पौर्णिमेनंतरच्या काही दिवसांत, सूर्यास्ताच्या सुमारास असते. दुपारपासूनच माशांचे रंग बदलू लागतात. नेहमीचे पट्टे विरतात; कुणी वरून काळा आणि खालून पांढरा होतो, कुणाचे पोट पांढरे पडते, तर कुणी पूर्ण गडद होतो. उजेड उतरू लागला की गडद झालेली एक मादी तळापासून वर सुटते, तिच्यामागे दुरंगी नरांचा झोत जातो, आणि वर पोहोचताच सगळे एकदम वळतात. वळताना मागे पाण्यात अंड्यांचा आणि शुक्राचा पांढुरका ढग उरतो. क्षणभराने दुसरीकडे तसाच झोत उठतो. फलित अंडी प्रवाहाबरोबर वर तरंगतात, दिवसाभरात फुटतात, आणि त्यातून निघालेली पिल्ले महिना-दीड महिना उघड्या पाण्यात काढून मग किनाऱ्याजवळ उतरतात. पाण्याखालच्या ध्वनिमुद्रण यंत्रांनी या काळात नरांचे खोल, घुमणारे आवाजही टिपले आहेत, आणि अंधारात किंवा खवळलेल्या समुद्रात जिथे पाणबुड्या उतरू शकत नाही तिथे आता या आवाजांवरूनही मेळ्याचा माग काढता येतो.

२००३ मध्ये केमन सरकारने विणीच्या जागांवर मासेमारीला आठ वर्षांची बंदी घातली आणि २०११ मध्ये ती वाढवली. सुरुवातीची काही वर्षे आकडे जवळजवळ हललेच नाहीत, आणि त्या वर्षांत बंदी उठवण्याचा आग्रह धरला गेला असता तर त्याला सहज उत्तर देता आले नसते. २००९ मध्ये लिटल केमनच्या मेळ्यात सुमारे १,२०० मासे होते. २०१८ मध्ये ती संख्या ७,००० च्या वर गेली होती. मधल्या काळात, २०१६ मध्ये, नियम आणखी बारकाईने बसवले गेले. डिसेंबर ते एप्रिल ही जात कुठेही पकडायची नाही, बाकीच्या महिन्यांत एका होडीने दिवसाला पाचच मासे घ्यायचे, आणि तेही १६ ते २४ इंच, म्हणजे साधारण ४० ते ६० सेंटिमीटर लांबीचेच. यांतली वरची मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते, कारण मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी देते.

मोठ्या माशाला जपण्याचे आणखी एक कारण आहे, आणि तेही पकडीच्या आकड्यात उमटत नाही. या कुळातल्या अनेक जाती जन्मतः मादी असतात आणि वाढल्यावर त्यांतल्या काही नर होतात. सगळ्यात मोठे मासे पकडत गेलो तर आपण नकळत नरच काढत असतो. मेक्सिकोच्या आखातातल्या गॅग नावाच्या जातीत नरांचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १७ टक्के होते, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २ टक्क्यांवर आले. माशांचे वजन भरत होते, पण वीण कशाच्या जोरावर चालायची तेच संपत होते.

आपल्या देशात या विषयावर झालेले जे काम मी वाचले, त्यांतले लक्षद्वीपमधले काम मला सर्वांत जवळचे वाटते. रुचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या स्क्वेअरटेल ग्रुपरच्या, तोवर मासेमारी न झालेल्या आणि अतिशय दाट अशा मेळ्याचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. एक नर आणि एक मादी अशी जोडी जमवण्याची या जातीची रीत आधीपासून माहीत होती. या मेळ्यात त्यांना दुसरीही रीत दिसली. आपापली हद्द राखणारे नर मधल्या पाण्यात थवा करून फिरणाऱ्या अनेक माद्यांना एकाच वेळी साद घालत होते. शिवाय उतारावर मोठे नर लहान माद्यांमागे आणि वरच्या सपाटीवर लहान नर आपल्याएवढ्या किंवा मोठ्या माद्यांमागे, असा उलटा मेळही दिसला. हे वर्तन दाटीमुळेच शक्य होते आणि मासेमारी वाढून दाटी घटली तर ते नाहीसे होऊ शकते, असे त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे मासा शिल्लक असतानाही त्याच्या जगण्याची एक रीत आधीच हरवू शकते.

हे सगळे मी गणेशचतुर्थीला पुन्हा घरी गेलो तेव्हा तात्यांना सांगितले. आंगणेवाडीचा दाखला त्यांना लगेच पटला. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात ६१ दिवसांची बंदी असते हे ते जाणतात, पण ती खडपावरच्या गोबऱ्याच्या विणीला धरून आखलेली नाही, हे त्यांनीच बोलून दाखवले. मी विचारले की, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेला गोबरो त्यांना कधी आणि कुठे मिळतो. त्यांनी क्षणाचाही विचार न करता महिना सांगितला, तिथी सांगितली आणि एका खडपाचे नाव घेतले; त्यांचे वडीलही त्या दिवसांत तिथेच जात, असेही म्हणाले. लिटल केमनचा मेळा दोन हंगामांत निम्म्याहून अधिक रिता झाला तो त्याची जागा कळली म्हणून, त्यामुळे तो महिना, ती तिथी आणि ते नाव मी इथे लिहिलेले नाही.