चांगले शिक्षक सोडून का जातात? तुम्ही विचारलंत म्हणून

“प्राथमिकचे चांगले शिक्षक टिकतच नाहीत. पगार वाढवला तर थांबतील का?” असं संस्थाचालक नेहमी विचारतात. पगार पुरेसा आणि वेळेवर हवाच, त्यात तडजोड नाही. पण नोकरी सोडायचा विचार बरेचदा वेळापत्रकातून आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतून सुरू होतो. न्यूयॉर्क शहरातल्या नव्या शिक्षकांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शाळेतल्या परिस्थितीपैकी शिक्षकाच्या राहण्या-जाण्याशी सर्वांत घट्ट नातं प्रशासनाच्या पाठबळाचं आहे, असं त्यात दिसलं.

आधी ऑफ तासांचा, म्हणजे शिकवायचं नसलेल्या मोकळ्या तासिकांचा, हिशेब मांडून बघा. समजा, आठवड्याला ४० तासिका आणि शिकवायच्या ३४. उरल्या सहा, ३५ मिनिटांच्या. म्हणजे साडेतीन तास. वर्गात ४० मुलं, एका वहीला तीन मिनिटं, तर एका विषयाच्या वह्यांनाच दोन तास लागतात. त्यात कोणी रजेवर गेलं आणि चार तासिका त्यांच्या वर्गावर बदली म्हणून गेल्या, की हातात उरतात ७० मिनिटं. मग वह्यांचा गठ्ठा घरी जातो आणि उद्याच्या पाठाचं टाचण रात्री उशिरा लिहिलं जातं. प्राथमिकला लहान मुलांना एकटं सोडून वर्गाबाहेर जाता येत नाही. स्वच्छतागृहात जायलाही मधल्या सुट्टीची वाट पाहावी लागते. असा ऑफ तास काढून घेणं म्हणजे श्वास घ्यायची जागाच काढून घेणं. शिवाय बदली तास लागतात ते जो कुरकुरत नाही त्यालाच. म्हणून बदली तासांची नोंदवही स्टाफरूममध्ये सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. माणशी आठवड्याला दोनची मर्यादा घाला. तिसरा द्यावाच लागला तर पुढच्या आठवड्यात तो परत करा.

दुसरी जखम पालकांच्या तक्रारीची. पालक चिडून येतात, शिक्षिकेला भर तासाला बोलावणं जातं आणि पालकांसमोरच “असं का केलंत?” असं विचारलं जातं. तिची बाजू कुणी ऐकलेलीच नसते. खरं तर पालकांचं म्हणणं लिहून घ्यावं, निवाडा करू नये, शाळा सुटल्यावर शिक्षिकेशी एकटीशी बोलावं आणि मगच तिघांनी बसावं. चूक तिची असली तरी क्रम हाच.

नव्या शिक्षकाला सर्वांत अवघड वर्ग देणं, हे तर थांबवायलाच हवं.

राजीनाम्याच्या कितीतरी आधी माणूस बैठकीत बोलायचं थांबवतो, काही मागेनासा होतो. याला समजूतदारपणा समजू नका. सत्राच्या मध्यावर प्रत्येकाला वीस मिनिटं द्या आणि विचारा, “तुमच्या कामातलं काय कमी करू?” उत्तर त्यांच्यासमोर लिहून घ्या. पुढच्या दोन आठवड्यांत त्यातली एकही गोष्ट बदललेली दिसली नाही, तर पुढच्या वेळी उत्तर येईल, “सगळं ठीक आहे, सर.”