अगालेगाबद्दल तुम्ही विचारलेत म्हणून

"भारताने तुमच्यासाठी एवढे केले, तुमच्या देशातली दोन-तृतीयांश माणसे मुळात आमच्याकडचीच, मग अगालेगाच्या धावपट्टीवरून तुमच्याकडे इतका संशय कशासाठी?" मी मॉरिशसचा; हा प्रश्न मला पुण्यात शिकत असताना जोडलेल्या मित्रांनी विचारला आहे, मॉरिशस पाहायला आलेल्या पाहुण्यांनी विचारला आहे आणि गणेशोत्सवाच्या मंडपात पहिल्यांदाच भेटलेल्या माणसांनीही विचारला आहे. बहुतेक वेळा मी विषय बदलतो. खरे उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि विचारणाऱ्याला बहुधा "छे, संशय कसला" एवढेच ऐकायचे असते. आता एकदा सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी विषय बदलावा लागणार नाही.

आधी जे मान्य करायचे ते मान्य करतो. आमच्याकडे सैन्य नाही. आमच्या तटरक्षक दलाच्या बोटी आणि विमाने पुष्कळशी भारताकडून आलेली आहेत. आमच्या प्रचंड सागरी क्षेत्राची राखण आम्ही एकट्याने करू शकत नाही, हे आमच्याकडचे शाळकरी मूलही जाणते. मॉरिशसचीच असलेली अगालेगाची दोन बेटे मुख्य बेटाच्या उत्तरेला हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत, तिथे जेमतेम तीनशे माणसे राहतात, आणि आजारी माणसाला वेळेवर रुग्णालयात पोहोचवायचे तर तिथे बरी धावपट्टी हवीच होती. 2015 साली भारताशी सामंजस्य करार झाला, त्यातून सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि नवा धक्का उभा राहिला, आणि 29 फेब्रुवारी 2024 रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरदृश्य माध्यमातून त्यांचे उद्घाटन केले. हा लष्करी तळ नाही, असे आमच्या सरकारने वारंवार सांगितले आहे. तीनशे माणसांच्या सोयीसाठी तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला, हा प्रश्न मात्र आमच्याकडे कोणी भारतद्वेष्ट्याने काढलेला नाही; तो अगालेगाच्या लोकांनीच काढला, आणि काढताना त्यांनी चागोसचे, म्हणजे ब्रिटिशांनी 1965 साली आमच्यापासून तोडलेल्या बेटांचे, नाव घेतले.

इथे तुमचा चेहरा किंचित त्रासिक होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ब्रिटिशांनी केलेल्या अन्यायाची शिक्षा भारताला का, असे तुम्ही म्हणता. म्हणून 1965 सालाबद्दल जरा सविस्तर सांगणे भाग आहे. त्या वर्षी आमच्यावर काय अन्याय झाला, हे तुम्हाला साधारण ठाऊक असते. आमच्याकडून होकार कसा मिळवला गेला, हे सहसा ठाऊक नसते, आणि माझ्या दृष्टीने सगळे त्या होकारात आहे.

सप्टेंबर 1965 मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या घटनेविषयी परिषद भरली होती. शीतयुद्ध ऐन भरात होते, अमेरिकेला हिंदी महासागरात तळासाठी जागा हवी होती, आणि ती जागा कोणत्याही नव्या स्वतंत्र देशाच्या ताब्यात नको होती. त्यासाठी चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून आधी तोडायचा आणि मग मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायचे, असे ठरले. 23 सप्टेंबरच्या सकाळी आमचे प्रीमियर, म्हणजे तेव्हाच्या वसाहतीच्या सरकारचे प्रमुख, सर सीवूसागर रामगुलाम ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना भेटले. त्या भेटीपूर्वी विल्सन यांच्यासाठी तयार केलेले टिपण पुढे उजेडात आले. रामगुलामांना आशेने घाबरवायचे, हा भेटीचा हेतू असल्याचे त्यात लिहिले होते: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपणा दाखवला नाही तर ते मिळणार नाही ही भीती. प्रत्यक्ष भेटीत विल्सन यांनी सांगितले की, रामगुलाम स्वातंत्र्य घेऊन परत जाऊ शकतात किंवा न घेता. चागोसमधले सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया राजाज्ञेनेही तोडता येईल किंवा त्यांच्या संमतीनेही. आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे स्वातंत्र्य आणि संमतीने विच्छेद, दोन्ही. त्याच दिवशी नंतर लँकेस्टर हाउसमध्ये अटी ठरल्या. तीस लाख पौंड, मासेमारीच्या हक्कांबाबत प्रयत्न, बेटांवर खनिजे सापडली तर त्यांचा लाभ मॉरिशसला, आणि संरक्षणासाठी गरज उरली नाही की बेटे परत. आमच्या शिष्टमंडळातल्या मॉरीस पातुरो यांनी आपली असहमती नोंदवून घ्यायला सांगितले; बाकीच्यांनी तत्त्वतः मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याचा निर्णय जाहीर झाला. 8 नोव्हेंबरला चागोस वेगळे करून एक नवी वसाहत निर्माण करण्यात आली, आणि डिसेंबर 1966 मध्ये ती पन्नास वर्षांसाठी अमेरिकेच्या वापरासाठी उपलब्ध झाली. त्या बदल्यात ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात एक कोटी चाळीस लाख डॉलरपर्यंत सूट मिळाली. ही गोष्ट तेव्हा गुप्त होती. आमच्या तीस लाख पौंडांशी तिची तुलना तुम्हीच करा.

पुण्यात शिकत होतो तेव्हा रामगुलामांनी देश विकला, असे मी ठणकावून सांगत असे. वसतिगृहातल्या माझ्या मित्रांना ते आवडे. त्या काळात दिएगो गार्सियावरच्या अमेरिकी तळाविरुद्ध भारतात सगळ्याच पक्षांचे लोक बोलत असत, आणि त्या तळामुळे उजाडलेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून मला चहा फुकट मिळे. सुटीत घरी गेलो असता हेच वाक्य मी वडिलांना ऐकवले. ते आयुष्यभर उसाच्या मळ्यावर राबलेले, रामगुलामांच्या मजूर पक्षाचे निष्ठावंत मतदार होते. त्यांनी एवढेच विचारले की, 1965 साली त्या खोलीत तू असतास तर काय केले असतेस? मी नकार दिला असता, असे मी म्हणालो. मग बेटेही गेली असती आणि स्वातंत्र्यही, ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्याला उत्तर असलेच पाहिजे असे मला तेव्हा वाटे, आणि ते शोधत मी बरीच वर्षे घालवली. कायद्याच्या भाषेत ते उत्तर पुढे मिळालेही. 25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लात्मक मतात म्हटले की, एक पक्ष दुसऱ्याच्या अमलाखाली असताना त्यांच्यात आंतरराष्ट्रीय करार झाला असे म्हणताच येत नाही, आणि तो विच्छेद तिथल्या जनतेच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेला नव्हता. तेरा न्यायाधीश एका बाजूला, एक विरोधात. पण वडिलांचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. त्या खोलीत बसलेल्या माणसाने काय करायला हवे होते, हे न्यायालयाने सांगितलेले नाही, आणि मलाही आजतागायत सांगता येत नाही.

शिवाय या प्रकरणाची एक बाजू अशी आहे की ती तुमच्यापुढे मांडताना मला संकोच वाटतो. स्वातंत्र्य मिळाले ते मुख्यतः आमच्यासारख्यांना. रत्नागिरी-साताऱ्याकडून मुंबई बंदरातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून आलेल्यांच्या, बिहारमधून आणि तामिळ मुलखातून आलेल्यांच्या वंशजांना. 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती, आणि आपल्यावर हिंदू बहुसंख्याकांचे राज्य येईल ही धास्ती त्यामागे होती. या स्वातंत्र्याची किंमत मात्र चागोसवासीयांनी मोजली, म्हणजे मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिकमधून आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी. 1968 ते 1973 या काळात त्यांना बेटांवरून हटवले गेले. उपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला आमच्या राजधानीत, पोर्ट लुईला, आलेल्यांना परतीची बोटच मिळाली नाही. त्यांची कुत्री मारून टाकली गेली. ब्रिटनने 1972 साली त्यांच्या पुनर्वसनासाठी मॉरिशसला साडेसहा लाख पौंड दिले. ते पैसे आमच्या सरकारने प्रत्यक्ष माणसांच्या हाती दिले ते 1977-78 साली. तोवर ही माणसे कासी आणि रोश-ब्वा या पोर्ट लुईच्या वस्त्यांतल्या झोपड्यांत राहत होती, आणि आमच्या शाळेच्या आवारात 'झिल्वा' म्हणजे बेटावरचा, ही शिवी होती. मोठ्या सत्तांनी लहान देशाला कसे चिरडले हे सांगताना, त्या लहान देशाने आपल्याहून लहानाला काय केले, हे आमच्याकडे बहुधा गाळले जाते. मी पुण्यातल्या भाषणांत ते गाळत असे.

आता भारताकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 22 मे 2019 रोजी चागोस मॉरिशसला परत करण्याच्या बाजूने 116 मते पडली, विरोधात सहा, आणि भारत त्या 116 मध्ये होता. हे मी विसरलेलो नाही. पण मला आठवते त्याप्रमाणे 1970 च्या दशकात भारत हिंदी महासागर शांततेचा टापू व्हावा, परक्यांचे तळ इथून जावेत, असे म्हणत असे; आज दिएगो गार्सियाच्या तळाचे दिल्लीला वावडे उरलेले नाही, कारण समोर चीनचे आरमार आहे. यात भारताला दोष देण्यासारखे काही नाही. मोठे देश आपल्या गरजेप्रमाणे भूमिका बदलतात. मात्र त्यांची गरज बदलली की आमच्या जमिनीचा अर्थ बदलतो, आणि तो बदलताना आम्हाला विचारले जाईलच असे नसते. चीनशी आमचा मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला आणि भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार त्याच वर्षी 1 एप्रिलपासून. तुमच्यापैकी काहींना यातला पहिला करार कृतघ्नपणाचा वाटतो. आम्हाला दोन्ही मिळून पोट भरण्याची सोय वाटते.

अगालेगा म्हणजे चागोस नव्हे, हे मी आमच्याकडच्या सभांमध्येही सांगतो आणि तिथे त्यासाठी बोलणी खातो. तिथून कोणाला हाकललेले नाही, सार्वभौमत्व आमचेच आहे, आणि करार दोन स्वतंत्र देशांमध्ये झाला आहे. तरीही त्या कराराचा पूर्ण मजकूर आमच्या लोकांपुढे वर्षानुवर्षे ठेवला गेला नाही. न्यायालयाने ज्या मुक्त आणि खऱ्या इच्छेबद्दल लिहिले, ती इच्छा मजकूर न वाचता व्यक्त कशी करायची? 22 मे 2025 रोजी रामगुलामांचे चिरंजीव नवीनचंद्र रामगुलाम यांनी पंतप्रधान म्हणून ब्रिटनशी जो करार केला, त्यात चागोसवरचे सार्वभौमत्व आमचे मानले गेले आणि दिएगो गार्सिया 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत ब्रिटनच्याच हाती द्यायचे ठरले. सह्या झाल्यावरही लंडन आणि वॉशिंग्टनमधले वाद थांबले नाहीत, आणि अनेक चागोसवासीयांची तक्रार आहे की या वेळीही त्यांना कोणी विचारले नाही. निदान या कराराचा मजकूर छापील आहे. मी तो वाचून त्यावर चिडू शकतो.

मध्यंतरी एका पाहुण्याने शेवटी वैतागून विचारले की, मग भारताने अगालेगा सोडून जावे असे तुमचे म्हणणे आहे का. तसे माझे म्हणणे नाही. तिथे कोणाची विमाने उतरतील, मुदत कधी संपेल, ती वाढवायची तर कोणाच्या मताने, आणि तिथल्या रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क काय, हे आमच्या राष्ट्रीय सभेपुढे लेखी ठेवावे, एवढी माझी मागणी आहे. असे लेखी मिळाले तर संशय जाईल ना, असे त्यांनी पुढे विचारले. मी हो म्हणू शकलो नाही, कारण गरज उरली नाही की बेटे परत करू, हे 1965 सालचे आश्वासनही इतिवृत्तात लेखी नोंदलेलेच होते.