पिशवीभर सुपारी घेऊन मोशीला

पुण्याजवळ मोशीच्या किसान प्रदर्शनाला जायचं ठरलं, तेव्हा आत्याने मोजून शंभर असोल्या सुपाऱ्या पिशवीत भरून दिल्या. "यंत्रवाल्याला म्हणावं, ह्या सोलून दाखव. त्याच्याकडच्या बघून भुलू नकोस." गुहागरातल्या आमच्या वाडीची सुपारी ती चाळीस वर्षं सोलतेय. खळ्यात चाळीसेक दिवस ऊन द्यायचं, कानाशी धरून हलवायची, आत खुळखुळली की सोलायला घ्यायची. पूर्वी सोलायला चार बायका यायच्या. आता एक येते, आणि लग्नसराईत तीही खाडे करते. म्हणून यंत्राचा शोध.

रात्री अडीचला बोलेरोतून सहाजण निघालो. शेजारचे आबा पुढे, मांडीवर पानाची चंची. चिपळूण मागे टाकून कुंभार्ली घाट चढताना काळोखात खाली पोफळी गावाचे दिवे तेवढे दिसले. कोयनेचं पाणी तिथे वीज देऊन वाशिष्ठीत उतरतं आणि शेवटी आमच्याच दाभोळच्या खाडीला मिळतं. कोयनानगरला चहाला थांबलो, तर आबांना भूकंप आठवला. ११ डिसेंबर १९६७, अशीच पहाट. "मी दुसरीत होतो. फळीवरची पातेली धडाधड खाली. आजी म्हणते, मांजर शिरलं वाटतं!" ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय, पण तिथे थंडीत कुडकुडत उभं राहून ऐकताना कोणी हसलं नाही.

पाटण, मल्हारपेठ करत उंब्रजला हायवेला लागलो आणि मुलूखच बदलला. नजर जाईल तिथवर ऊस, पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांवर फुल्ल आवाजात गाणी. ट्रॉलीच्या मागे सरपटत जाण्यात अर्धा तास गेला. आमच्याकडे ट्रॅक्टर वाडीत शिरायचा तर आधी दगडी गडगा पाडावा लागेल.

साडेदहाला मोशी. नाशिक रस्त्यावर गाड्यांची ही रांग! मोबाईलवर नोंदणी आधीच केली होती, त्यामुळे आत लवकर गेलो. आत म्हणजे जत्राच. धोतर-टोपीवाले, कॉलेजची पोरं, कडेवर पोर घेतलेल्या बायका. उसाची यंत्रं, द्राक्षाची औषधं, कांद्याची पेरणी, फवारणीचे ड्रोन. एका ड्रोनवाल्याला आबांनी सुपारीच्या झाडांबद्दल, म्हणजे पोफळींबद्दल, विचारलं, "पोफळीच्या शेंड्याखाली घुसून कोळेरोगाला बोर्डो मारेल का हा?" तो म्हणाला, "काका, हा वरून मारतो." आबा म्हणाले, "वरून तर पाऊसच मारतो." सुपारी कुजवणारा हा कोळेरोग भर पावसात येतो, तेव्हा बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारायला अजून माणूसच झाडावर चढतो.

सुपारीचं यंत्र एका कोपऱ्यात सापडलं, ठिबकच्या नळ्यांच्या डोंगरामागे. कर्नाटकातून आलेलं. सुपारी जास्त पिकते तिकडेच, त्यामुळे यंत्रंही तिकडचीच. वर सुपारी ओतायची, आत पाती फिरतात, एका तोंडातून सालं आणि दुसऱ्यातून सुपारी. मुलगा स्वतःच्या पोत्यातली ओतायला लागला, तर मी पिशवी पुढे केली. तो जरा कचरला. "काका, साईज एकसारखी लागते." आमची रोठा जातीची, एक मोठी तर एक बारकी. "असू दे," म्हटलं, "घरी निवडायलाच माणूस लागला तर यंत्र कशाला?"

खडखडाट झाला आणि अर्ध्या मिनिटात सगळं बाहेर. खाली बसून आम्ही मोजायलाच लागलो. नऊ फुटलेल्या. अकरांना साल तसंच, म्हणजे बारक्या पात्यांतून निसटल्या. बाकीच्या स्वच्छ, अगदी आत्याच्या हातच्या वाटाव्यात अशा. फुटलेल्या सुपारीला भाव कमी मिळतो, त्यामुळे नऊचा आकडा मला टोचला. मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला, "बारक्या वेगळ्या काढल्या आणि अजून आठ दिवस वाळवल्या तर फूट कमी होईल."

तेवढ्यात मागून आवाज आला, "किती फुटल्या?" श्रीवर्धनचे गृहस्थ, त्यांच्याही हातात सुपारीची पिशवी! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांची वाडी आडवी झाली होती. नव्याने लावलेल्या पोफळी आत्ता कुठे धरू लागल्यात. "सुपारी परत आली, सोलणारे परत नाही आले," म्हणाले. एवढ्या अफाट प्रदर्शनात कोकणातली दोन माणसं एका यंत्रापुढे, आपापल्या पिशव्या घेऊन. आम्ही फोन नंबर घेतले. दोघांत मिळून यंत्र घेण्याचा विषयही निघाला, पण श्रीवर्धन आणि गुहागर नकाशावर जवळ असले तरी मध्ये खाड्या किती, ते दोघांनाही ठाऊक, म्हणून तो तिथेच विरला. आमच्याच आळीतल्या चार वाड्यांनी मिळून घ्यायचं, आणि महाडीबीटी पोर्टलवर सरकारी अनुदानाचं बघायचं, असं आबांनी गाडीत बसल्यावर ठरवून टाकलं. किंमत ऐकल्यावर त्यांना ठसका लागला होता, हे मी आत्याला सांगणार नव्हतो.

येताना खंबाटकीला बोगदा नव्हता, घाटच. सगळे झोपले. घरी पोचायला रात्रीचे दोन झाले, तरी आत्या जागी. पिशवी पडवीत ओतली, फुटक्या एका बाजूला, सालाच्या दुसऱ्या बाजूला, आणि चष्मा लावून मोजायला बसली.

"शंभर दिल्या होत्या. ह्या शहाण्णव आहेत. यंत्र चार खातं काय रे?"

मी गाडीकडे बघितलं. आबा चंची उचलून हळूच कुंपणाच्या बेड्यातून बाहेर पडत होते.